सगळ्यात हळू चालणारा पुढे: मंडळीला घेऊन गाविलगड चढताना

2017 च्या जानेवारीत मी पहिल्यांदा आमची चर्चची मंडळी चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर नेली आणि एका बाईंना वाटेतच विसरले.

झालं असं. तरुण संघाची पोरं पुढे, त्यांच्यामागे पाळकसाहेब, मग आम्ही बायका, असे 27 जण निघालो. पोरं आपल्या पायाने चालली. पहिल्या दरवाजापर्यंत रांग लांबली, दुसऱ्यापर्यंत तुटली. वर तलावाकाठी पोचलो, चादर अंथरली, दोन गीतं म्हटली, प्रार्थना केली, डबे उघडले. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर कुणीतरी विचारलं, "मावशी कुठी आहेत?" मावशी म्हणजे आमच्या मंडळीतल्या साठी उलटलेल्या विधवा बाई. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन चर्च झाडून काढतात. त्या खाली दरवाजाच्या पायरीवर बसून होत्या, तासाभरापासून, एकट्या. मी धावत खाली गेले तर म्हणाल्या, "तुमी कायले आल्या बाई? गाणे आयकू येत होते न मले. मी इथूनच म्हनत होतो."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. वर आम्ही प्रीतीचं गीत म्हणत होतो आणि त्याच गीताचा एक आवाज खाली पायरीवर एकटा होता. त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर, दर जानेवारीत आम्ही जातो, आणि दर वर्षी काहीतरी शिकून पद्धत बदलतो. आसपासच्या दोन-तीन मंडळ्यांनी मला म्हटलं, "कसं करता ते लिहून द्या." म्हणून लिहिते आहे. मी अंगणवाडी सेविका, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. गाविलगडाला दोर-खिळे लागत नाहीत, त्यामुळे ते शिक्षण इथे मिळणार नाही. सहभागिता हा शब्द आपण मंडळीत फार बोलतो. तो चालताना कसा पाळायचा, तेवढं मी सांगू शकते.

जागा आधी समजून घ्या. चिखलदरा 1118 मीटर उंचावर आहे. परतवाड्याहून घाटाने जवळपास 30 किलोमीटर. एसटीने जा. क्रूझर केल्या तर दोन-तीन गाड्या होतात आणि घाटातच मंडळी फुटते; एका गाडीतले लोक चहाला थांबतात, दुसऱ्या गाडीतले पुढे निघतात. बसमध्ये सगळे एकत्र असतात. ज्यांना घाट लागतो त्यांना पुढच्या सीटवर बसवा, सकाळी पोटभर खाऊ देऊ नका. चिखलदऱ्याला उतरल्यावर गडापर्यंत पायीच. गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर तिकीट काढून नोंद करावी लागते. किती वाजेपर्यंत आत राहता येतं, कोणती वाट चालू आहे, हे त्या दिवशी तिथेच विचारा आणि ते सांगतील ते ऐका. मागच्या वर्षी मोकळी असलेली वाट यंदाही मोकळी असेल असं धरून चालू नका.

तारीख आम्ही संक्रांतीनंतरचा शनिवार धरतो. रविवार नाही, कारण उपासना चुकवून सहल काढायची हे आमच्या पाळकसाहेबांना पटत नाही आणि मलाही नाही. ख्रिस्तजयंती ते नवं वर्ष हे दिवस टाळा, तेव्हा चिखलदऱ्याला पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात धुकं आणि शेवाळ, उन्हाळ्यात पाण्याचे हाल. जानेवारीत तुरी कापून झालेल्या असतात, कापसाचा शेवटचा वेचा काही घरी चालू असतो.

आणि इथेच पहिली गोष्ट येते, जी मला तीन वर्षांनी कळली. वेचणीला जाणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. वर पुन्हा बसभाडं द्यायचं. ती तोंडाने काही म्हणत नाही, "मले जमत नाही बाई" एवढंच म्हणते, आणि आपण समजतो तिला हौस नाही. आता आम्ही वर्गणी ठरवत नाही. दोन आठवडे आधी प्रत्येक घरी सारखंच एक कोरं पाकीट देतो. ज्याला जे जमेल ते त्यात घालून, चिकटवून, नाव न लिहिता दानपेटीत टाकायचं. रिकामं पाकीटही टाकायचं. उघडतात ते फक्त खजिनदार. कमी पडले तर मंडळीच्या निधीतून भर. पाकीट पद्धत सुरू केली त्या वर्षी चार बाया पहिल्यांदा आल्या.

आठ दिवस आधी घरोघर जाऊन तब्येतीची विचारपूस करा. सगळ्यांसमोर विचारू नका, कुणी खरं सांगत नाही. बीपी, साखर, दमा, गुडघे, बायकांचे दिवस, गरोदरपण, सगळं विचारायचं. आपल्या विदर्भात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: घरात सिकलसेल आहे का? पुष्कळ घरांत आहे. ज्याला हा आजार आहे, म्हणजे एसएस, त्याच्या रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, दमछाक, यातून असह्य कळा सुरू होऊ शकतात. डोंगरावर या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. अशा मुलाला डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय चढवायचं नाही. जो वाहक आहे, एएस, तो बहुधा ठीक असतो, पण त्यालाही पाणी पाजत राहा आणि पळवू नका.

आमच्याकडे असा एक मुलगा आहे, तेव्हा अकरावीत शिकणारा. दोन वर्षं तो "माझा पेपर आहे" म्हणून टाळत होता. खरं कारण त्याच्या आईने मला चुलीपाशी बसून सांगितलं. मी त्याला म्हटलं, तू ये, पण नाक्यापाशी थांब. तो म्हणाला, "तिथं मी काय करू बाई, सामान राखू?" तेव्हा मी त्याला बायबलातला 1 शमुवेलचा तिसावा अध्याय वाचायला दिला. दावीदाची माणसं शत्रूच्या मागे गेली, तेव्हा 200 जण इतके थकले होते की बसोर ओढा ओलांडू शकले नाहीत. ते सामानापाशी राहिले. परत आल्यावर काही जण म्हणू लागले, यांना वाटा द्यायचा नाही. दावीदाने ठरवून दिलं की लढाईला गेला त्याचा जेवढा वाटा, तेवढाच सामानापाशी राहिला त्याचा. पुढे इस्राएलात तो नियमच झाला.

तर दर वर्षी दोघा-तिघांची एक खालची टोळी करा. एकट्याला कधी ठेवू नका. त्यांच्याकडे सगळ्यांच्या नावांची वही, घरच्यांचे फोन नंबर आणि एक चालू मोबाईल. वर रेंज जाते-येते, म्हणून परतायची वेळ आधीच ठरवा. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात आम्ही दिसलो नाही तर वनखात्याच्या माणसांना सांगायचं, हे काम त्या मुलाकडे असतं. आणि वरच्यांनी खाली येईपर्यंत या खालच्या टोळीच्या वाट्याचं गूळ-फुटाणं, संत्रं, काहीही असेल ते मोजून राखून ठेवायचं.

आता ओझं. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. तीन ओळी खाली तोच म्हणतो, प्रत्येकाने आपला भार आपणच वाहायचा. लहानपणापासून मला हे कोडं वाटायचं. पिशव्या भरताना ते सुटलं. काही वस्तू अशा की त्या ज्याच्या त्याच्याकडेच पाहिजेत: दोन लिटर पाणी, स्वतःची गोळी-औषधं, स्वेटर, रुमाल. दुसऱ्याच्या पिशवीत तुमची दम्याची पंप ठेवली आणि तो पुढे निघून गेला तर? हा आपला भार. बाकीचं सगळं मंडळीचं ओझं: भाकऱ्यांचं गाठोडं, चादरी, पट्टी-मलम, ओआरएसची पाकिटं, जास्तीचं पाणी, कचऱ्याची पोती. ते ताकदीप्रमाणे वाटायचं आणि वाटेत बदलत राहायचं.

आदल्या संध्याकाळी आम्ही चर्चच्या ओट्यावर सगळ्या पिशव्या आणतो आणि किराणावाल्याकडून मागून आणलेल्या लोंबत्या काट्याला एकेक लावतो. एका वर्षी एका धडधाकट पोराची पिशवी सगळ्यांत हलकी निघाली. आत गाण्यांचा डबा, म्हणजे तो ब्लूटूथ स्पीकर, आणि चिप्सची पाकिटं. त्याच वेळी मावशींची पिशवी साडेसात किलो. त्यांनी सगळ्यांना पुरावा म्हणून तीळगुळाचा डबा, वर तांब्या, वर पोथीएवढं जाड जुनं शास्त्र, म्हणजे बायबल, घातलं होतं. पोराने काट्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. कुणी एक शब्द बोललं नाही. त्याने स्पीकर काढून ओट्यावर ठेवला आणि डबा आपल्या पिशवीत घेतला. काटा आणा. उपदेश करावा लागत नाही.

चालण्याचा क्रम हा या सगळ्या लेखाचा जीव आहे, म्हणून सावकाश वाचा. सगळ्यात हळू चालणारं माणूस सगळ्यात पुढे. त्याच्या बाजूला वाट माहीत असलेलं कुणीतरी. त्यांच्या पुढे कुणीही जायचं नाही, पाळकसाहेबसुद्धा नाही. मध्ये मुलं आणि मोठे आलटूनपालटून. सगळ्यात शेवटी सगळ्यांत दमदार असा माणूस, गळ्यात शिट्टी घातलेला. त्याने कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही. कुणी बूट बांधायला बसलं तरी तो थांबतो.

हे मी याकोबाकडून शिकले. उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात एसाव त्याला म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, मुलं सुकुमार आहेत, दूध पाजणाऱ्या मेंढ्या-गायी आहेत, एक दिवस जरी जास्त दामटलं तर सगळा कळप मरेल. तुम्ही पुढे व्हा, मी जनावरांच्या आणि मुलांच्या पावलाने हळूहळू येतो. ज्याने गुरं हाकली आहेत त्याला हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे गाभण गाय चरायला नेताना कुणी पुढून ओढत नाही.

पोरांना सुरुवातीला फार जड जातं. "असं तं संध्याकाळ होईन बाई" म्हणतात. होत नाही. तुटलेली रांग दर वळणावर थांबते, हाका मारते, पुन्हा निघते. सावकाश चालणारी रांग थांबतच नाही. आम्ही 2017 ला लागला त्यापेक्षा कमी वेळात आता वर पोचतो. अट एकच, पुढच्या माणसाला कुणी मागून "चला चला" म्हणायचं नाही. त्याला दम लागला की तो हात वर करतो, सगळे थांबतात. चालताना बोलता येत असेल तर वेग बरोबर. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला.

जोड्या लावा, पण एका घरातल्या दोघांची जोडी नको. शहाण्या मुलाबरोबर दंगेखोर, मोठ्या बाईबरोबर कॉलेजची मुलगी. मेळघाटातली दोन कोरकू कुटुंबं आमच्या मंडळीत येतात. त्यांच्या घरात कोरकू बोलतात. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही, त्यामुळे आमच्यातल्या कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. जोडीने चालून चालून आता आमच्या पोरींना पाणी, दगड, थांब, एवढं तरी येतं. वरची एक प्रार्थना कोरकूत होते.

एका वर्षी मी धाडस केलं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडून तीन वर्षं न बोलणारे दोन भाऊबंद मंडळीत होते. प्रभुभोजनाला एक पहिल्या बाकावर, दुसरा शेवटच्या. मी त्यांची जोडी लावली. आधी दोघांना वेगवेगळं विचारलं, न विचारता करू नका. दोघांनीही मान हलवली, हो म्हटलं नाही. सगळी चढण ते काही बोलले नाहीत. एका जागी पायरीचा दगड निखळलेला होता. धाकटा वर चढला, वळला, आणि खाली न बघता हात मागे केला. थोरल्याने तो धरला. मी त्यांच्या मागेच होते, त्या हाताच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. वर गेल्यावर हात सुटला. धुऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही, मोजणी व्हायची आहे. पण थोरल्याच्या मुलीच्या लग्नात धाकटा वाढायला उभा होता.

माणसांची मोजणी दर दरवाजाला करा, आकड्याने नाही, नावाने. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरीया आणि योसेफ, लहान येशू सोबतच्या लोकांत असेल असं समजून एक दिवसाची वाट चालून गेले, आणि तो मागेच राहिला होता. 'असेल' या शब्दावर भरवसा ठेवू नका. नाव घेतलं की त्या माणसाने स्वतः 'आहे' म्हणायचं, त्याच्या वतीने जोडीदाराने नाही.

गडावर वागण्याचं थोडं. पडक्या भिंतींना आणि कड्यांना आग्यामोहोळ असतं. अत्तर, वासाचं तेल लावून येऊ नका, धूर करू नका, दगड मारू नका, आणि ढोलकी-टाळ घरी ठेवा. हे जंगल आहे, इथे अस्वल आहे, बिबट्या आहे. वाट सोडून झुडपात जायचं नाही, शौचाला जायचं तर नाक्यापाशीच जाऊन या. वानरांना खायला घालू नका. भिंतीच्या कडेला फोटोसाठी चढणाऱ्याला खाली उतरवा, रागावला तरी चालेल. दगडावर नाव कोरायचं नाही, क्रूसही नाही. आत जुनी मशीद आहे. तिथे चप्पल काढा, आवाज कमी करा, ते कुणाचं तरी प्रार्थनेचं घर आहे.

गडाची गोष्ट मुलांना सांगा. गवळ्यांच्या नावावरून गाविलगड म्हणतात. बहामनी सुलतान अहमदशहा वलीने पंधराव्या शतकात तो बांधून काढला. दरवाजावर शार्दूल आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, तो पोरं सगळ्यांच्या आधी शोधतात. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी गडाला वेढा दिला, तेव्हा स्टीव्हन्सनच्या फौजेने 7 ते 12 तारखेपर्यंत याच डोंगरांतून, आधी रस्ता करत आणि मग हाताने ओढत, जड तोफा उत्तरेच्या बाजूला आणल्या. 15 तारखेला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग आणि त्याची पुष्कळ माणसं मारली गेली. तोफ ओढणाऱ्यांतल्या एकाचंही नाव आज आपल्याला ठाऊक नाही. हे सांगितल्यावर मुलं थोडा वेळ गप्प होतात. त्यांना गप्प राहू द्या.

जेवण. शेवटचा शिट्टीवाला येऊन बसेपर्यंत एकही गाठोडं सुटणार नाही. करिंथच्या मंडळीत हेच बिघडलं होतं. ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून घेत, ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी राहत. पौलाने त्यांना साधं सांगितलं, जेवायला एकत्र येता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. आम्ही त्यात एक भर घातली. घरोघरचे वेगवेगळे डबे बंद. कुणाच्या डब्यात काय आहे याकडे बायकांचं लक्ष जातं, आणि ज्याच्याकडे कमी आहे तो बाजूला बसून खातो. आता प्रत्येक घराने फक्त ज्वारीच्या भाकरी आणायच्या, माणशी दोन आणि वर एक. ठेचा, बेसन, कांदा, गूळ हे मंडळीच्या खर्चातून एकाच घरी करायचं. भाकरी एका चादरीवर एकत्र पडली की कुठली कुणाची ते ओळखू येत नाही. पाण्याचा हात धुवायला फार वापर होतो, एक बाटली त्यासाठीच ठेवा. संत्र्याच्या सालीसुद्धा परत पोत्यात.

प्रार्थना जेवणानंतर, आणि थोडक्यात. वर प्रवचन ठेवू नका; लोक थकलेले असतात आणि वारा शब्द उडवून नेतो. आम्ही 121 वं स्तोत्र म्हणतो, ते वर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंचंच स्तोत्र आहे. मग प्रत्येकाने एकच सांगायचं: आज मला कुणी कुठे हात दिला. लहान मुलं फार छान सांगतात. एक सात वर्षांची मुलगी म्हणाली, "आजीनं मले दगड दाखवला म्हनून मी नाही पडली." आजी तिची सख्खी नव्हती.

उतरताना जपा. चढताना दम लागतो, उतरताना पाय घसरतो. गुडघे दुखणाऱ्यांनी तिरपं पाऊल टाकावं, बारीक खडीवर टाच आधी रोवावी, काठी खालच्या बाजूला टेकावी. क्रम तोच, हळू चालणारा पुढे. इथे पोरांना घरची ओढ लागलेली असते आणि सगळ्यांत जास्त पाय याच वेळी मुरगळतात. उशिरात उशिरा दोनला उतरायला लागा.

परत आल्यावर काम संपत नाही. रविवारी उपासनेनंतर हिशोब वाचून दाखवा, उरलेले पैसे कशाला ते सगळ्यांनी ठरवू द्या. सोमवारी-मंगळवारी ज्यांचे पाय दुखत होते त्यांच्या घरी जा. मी खोबरेल तेलाची बाटली घेऊन जाते.

यंदाची यादी कालच लिहायला घेतली. वहीत पहिलं नाव मावशींचं आहे. गेली काही वर्षं त्या रांगेत सगळ्यांच्या पुढे चालायच्या. यंदा गुडघ्याने जवाब दिला, म्हणून त्या खाली नाक्यापाशी थांबणार आहेत, त्या अकरावीच्या पोराबरोबर. आता तो बीएस्सीला आहे. काल मला म्हणाल्या, "गाने मोठ्यानं म्हनजा बाई." मी त्यांना सांगितलं की यंदा पहिलं गीत आम्ही नाक्यापाशीच म्हणणार आहोत, सगळे मिळून, चढायच्या आधी.